पोमरोलची पेत्रूस: चिकणमाती आणि एकट्या मेर्लोवर उभी असलेली वाइन इतकी वेगळी का?

कादवाकाठ

नमस्कार. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. बाग मुख्यतः खाण्याच्या द्राक्षांची असली, तरी वाइनच्या वाणांचा अभ्यास मी आवडीने करतो, आणि त्या वाचनात फ्रान्समधील पेत्रूसचे नाव वारंवार समोर येते. बोर्दो प्रांतातील पोमरोल या छोट्या गावात ही इस्टेट आहे, तिचे क्षेत्र ११.५ हेक्टरच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे २८ एकर आहे, आणि तिची लाल वाइन मेर्लो या एकाच वाणापासून होते, इतके समजले.

जे समजले नाही ते विचारतो. द्राक्षाला जमीन हलकी ते मध्यम आणि उत्तम निचऱ्याची हवी, भारी जमिनीत पाणी साचते, पांढरी मुळी गुदमरते आणि वेल घडाऐवजी नुसता पाला वाढवते, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. पेत्रूसची जमीन मात्र निळसर चिकणमातीची आहे आणि तिच्या थोरवीचे श्रेय सगळे जाणकार नेमके त्या मातीलाच देतात. हे कसे?

शिवाय बोर्दोची परंपरा अनेक वाणांच्या मिश्रणाची. एक वाण एखाद्या वर्षी दगा देतो म्हणून दुसरा हाताशी ठेवायचा, ही त्यामागची शेतकऱ्याची सावधगिरी मला पटते. मग या इस्टेटीने एकाच वाणावर सगळा भार का टाकला? आणि १८५५ च्या प्रसिद्ध प्रतवारीत जिचे नावच नाही, ती वाइन त्या प्रतवारीतील पहिल्या श्रेणीच्याही वर कशी गेली? बाटलीच्या किमतीचे मला अप्रूप नाही. शेती म्हणून आणि शेती करणाऱ्यांनी घेतलेले निर्णय म्हणून ही इस्टेट मला समजून घ्यायची आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मृदाविद्यार्थी

आपला पहिला प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे, म्हणून मी तेवढ्यावरच लिहितो. इतिहासावर इतर सदस्य लिहितीलच.

पोमरोल हे दॉर्दोन्य नदीच्या उजव्या बाजूला, लिबूर्न शहराला लागून असलेले पठार आहे. पठार म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर सह्याद्रीची सपाट माथी येतात, पण येथे उंची जेमतेम ४० मीटर आहे आणि चढ पायांना जाणवतही नाही. या पठाराचा मोठा भाग नद्यांनी आणून टाकलेल्या खडीगोट्यांचा आहे. मात्र मध्यावर एके ठिकाणी ही खडी नाहीशी होते आणि खालची जुनी चिकणमाती थेट वर आलेली दिसते. या चिकणमातीचा टापू सुमारे २० हेक्टरांचा आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग एकट्या पेत्रूसकडे आहे. उरलेला भाग शेजारच्या काही इस्टेटींमध्ये विभागला गेला आहे. म्हणजे पोमरोलच्या सुमारे ८०० हेक्टर द्राक्षक्षेत्रात ही माती हा नियम नसून अपवाद आहे.

आता तिच्या गुणाकडे येऊ. ही चिकणमाती स्मेक्टाइट गटातील आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीतही याच गटाची खनिजे भरपूर असतात, त्यामुळे तिचा स्वभाव तुम्हाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पाणी मिळाले की ती फुगते आणि वाळली की आक्रसून तिला भेगा पडतात. आपली माती बेसॉल्टच्या झिजेतून तयार झाली आणि तेथील माती प्राचीन गाळाच्या थरांतून, हा फरक असला तरी पाण्याशी वागण्याची रीत जवळची आहे. दुष्परिणाम टळतो तो जमिनीच्या घडणीमुळे. पेत्रूसचा टापू किंचित फुगीर, घुमटासारखा आहे. जोराचा पाऊस आला की वरची माती काही वेळात फुगते, तिच्यातील सूक्ष्म पोकळ्या मिटतात आणि पुढचे पाणी आत न मुरता उताराने बाजूला निघून जाते. सप्टेंबरात, म्हणजे तोडणीच्या तोंडावर, बोर्दोत पाऊस येण्याची भीती कायम असते. खडीच्या जमिनीत ते पाणी थेट मुळांशी जाते, मणी फुगतात आणि रस पातळ होतो. पेत्रूसच्या मातीत ही हानी बऱ्याच प्रमाणात टळते.

दुसऱ्या बाजूला, कोरड्या उन्हाळ्यात हीच माती धरून ठेवलेले पाणी अत्यंत सावकाश सोडते. चिकणमातीत पाण्याचे प्रमाण मोठे असले, तरी त्यातले बरेचसे कणांना इतके घट्ट चिकटलेले असते की वेलीला ते सहज ओढता येत नाही. परिणामी वेल तहानेने कोलमडत नाही आणि तृप्तही होत नाही. तिला सतत सौम्य ताण राहतो. जुलैच्या अखेरीस शेंडावाढ थांबावी आणि सगळा जोर घडांकडे जावा, यासाठी असा ताण आवश्यक असतो. आपण पाणी तोडून जे साधतो, ते तेथे माती स्वतः साधते. मुळे फार खोल जात नाहीत, कारण खालची घट्ट माती त्यांना वाट देत नाही, आणि त्याही खाली काही ठिकाणी लोहाचा कठीण थर आहे, ज्याला स्थानिक लोक ‘क्रास द फेर’ म्हणतात. वाइनच्या चवीत हे लोह उतरते असे अनेकदा लिहिले जाते, पण ते मला पटत नाही. मातीतील खनिजाची चव पेल्यात जशीच्या तशी येते, याला आधार नाही. मातीचे खरे काम पाण्याचा पुरवठा आणि मुळांभोवतीचे तापमान या दोन गोष्टींपुरते आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.

यातूनच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. चिकणमाती थंड असते आणि वसंतात उशिरा तापते. उशिरा पिकणारा कॅबर्ने सोव्हिन्यों अशा जमिनीत लावला, तर बोर्दोच्या हवामानात बहुतेक वर्षी तो हिरवटच राहील. त्याला बोर्दोतीलच मेदॉक या भागाची, दिवसा तापणारी आणि रात्री ऊब देणारी खडी हवी. मेर्लो त्याच्यापेक्षा साधारण आठवडाभर किंवा त्याहून आधी पिकतो. लवकर पिकणारा वाण आणि पिकणे लांबवणारी जमीन, अशी ही जोडी आहे. मेर्लो उष्ण, हलक्या जमिनीत लावला तर साखर झपाट्याने चढते, आंबटपणा गळून पडतो आणि वाइन गोडसर, ढिली होते. थंड चिकणमाती त्याला आवरते.

आपल्या नाशिक भागाशी तुलना करताना एक मूलभूत फरक लक्षात ठेवावा. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी घेतो, आणि फळ पिकते ते जानेवारीपासून पुढे, जेव्हा ऊन दिवसेंदिवस वाढत असते. पोमरोलमध्ये फळ पिकते ते उन्हाळा उतरणीला लागल्यावर, रात्री थंड होत असताना. शिवाय आपले पीक कोरड्या हंगामात ठिबकच्या पाण्यावर वाढते, म्हणजे जमीन वाफशावर ठेवणे शेतकऱ्याच्या हाती असते. तेव्हा माती एका गटाची असली तरी पेत्रूसचा निष्कर्ष उचलून आपल्या भारी जमिनीत मेर्लो लावावा, असे कोणी समजू नये.

कादवाकाठ

इतके स्पष्ट उत्तर दिल्याबद्दल मनापासून आभारी आहे. पाणी आत मुरण्याआधी माती स्वतःच मिटते, हा मुद्दा मला नवा होता. आमच्याकडे पाणी साचण्याचे कारण बहुधा माती नसून सपाट, खोलगट शेत हे आहे. आता प्रतवारीविषयी आणि मालकांविषयी कोणी लिहील का? ही जमीन तर हजारो वर्षे तेथेच होती. तिचे मोल कोणाला आणि केव्हा कळले?

गारोनकाठ

मी बोर्दो शहरात राहतो आणि लिबूर्नला कामानिमित्त जाणे-येणे असते, म्हणून या प्रश्नावर लिहिण्याचे धाडस करतो.

प्रथम प्रतवारी. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी जी यादी तयार झाली, ती बोर्दोच्या दलालांनी त्यांच्या बाजारातील दरांवरून केली. त्यात लाल वाइनपैकी मेदॉकच्या इस्टेटी आणि ग्राव्हमधील एकट्या ओ-ब्रियोंचा समावेश झाला. लिबूर्नचा व्यापार वेगळा होता. नद्यांनी तुटलेल्या या भागातील माल तेथील व्यापारी उत्तर फ्रान्स आणि बेल्जियमकडे पाठवत, आणि बोर्दोच्या मोठ्या पेढ्यांना त्यात फारसा रस नव्हता. पोमरोल त्या यादीत नाही, याचा अर्थ ते तपासून नाकारले गेले असा नाही. त्याचा विचारच झाला नाही. पुढे १९५५ मध्ये शेजारच्या सेंत-एमिल्योंने स्वतःची प्रतवारी जाहीर केली, पण पोमरोलने आजवर अशी कोणतीही यादी केलेली नाही. येथे पेत्रूस ही अधिकृतदृष्ट्या शेजारच्या कोणत्याही इस्टेटीइतकीच, केवळ ‘पोमरोल’ आहे. ही स्थिती मला स्वतःला आवडते, कारण येथे कोणालाही पणजोबांच्या श्रेणीवर जगता येत नाही.

अठराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पेत्रूस आर्नो कुटुंबाकडे होती आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळाले होते. म्हणजे गुणवत्ता त्या काळीही ओळखली गेली होती, पण ती ओळख लिबूर्नच्या परिसराबाहेर फारशी गेली नाही. चित्र पालटले ते मादाम लूबा यांच्यामुळे. त्या लिबूर्नमध्ये हॉटेल चालवीत. १९२५ पासून त्यांनी इस्टेटीचे हिस्से थोडेथोडे करून विकत घ्यायला सुरुवात केली आणि १९४० च्या दशकात संपूर्ण इस्टेट त्यांच्या मालकीची झाली. त्यांचा आग्रह असा, की आपली वाइन मेदॉकच्या पहिल्या श्रेणीपेक्षा कमी दराने विकायची नाही. ज्या गावाचे नावही पॅरिसमध्ये क्वचित कोणाला ठाऊक होते, त्या गावातील एका हॉटेलमालकिणीने हा आग्रह धरावा आणि तो शेवटपर्यंत सोडू नये, हे मला या इस्टेटीच्या इतिहासातील सर्वांत मोठे कर्तृत्व वाटते. बाजार तयार होईपर्यंत दर उतरवून माल काढून टाकणे त्यांना सोपे होते.

बाजार तयार केला तो झां-पिएर मुएक्स यांनी. मुएक्स कुटुंब मूळचे कोरेझ या डोंगराळ, गरीब भागातील. तेथून आलेली अनेक कुटुंबे लिबूर्नच्या वाइन व्यापारात शिरली होती आणि बेल्जियमसारख्या बाजारांत त्यांचे चांगले संबंध होते. झां-पिएर यांनी १९३७ मध्ये लिबूर्नमध्ये स्वतःची पेढी काढली आणि १९४५ पासून पेत्रूसच्या विक्रीचे एकाधिकार त्यांच्याकडे आले. योगायोग असा, की १९४५ आणि १९४७ ही दोन्ही वर्षे बोर्दोसाठी असामान्य ठरली. त्या वर्षांच्या वाइनने पेत्रूसचे नाव इंग्लंडमध्ये आणि पुढे अमेरिकेत पोहोचवले.

मादाम लूबा १९६१ मध्ये वारल्या. इस्टेट त्यांच्या भाचीकडे आणि भाच्याकडे गेली. भाच्याचा हिस्सा १९६४ मध्ये झां-पिएर मुएक्स यांनी घेतला आणि पुढे बाकीचा वाटाही कुटुंबाकडे आला. १९६९ मध्ये शेजारच्या गाझें या इस्टेटीकडून सुमारे ५ हेक्टर जमीन विकत घेतली गेली आणि सुमारे ७ हेक्टरांची बाग आजच्या आकाराला पोहोचली. ही जमीन घेताना माती पाहून घेतली होती, हे वर मृदाविद्यार्थी यांनी लिहिले आहे त्यावरून लक्षात येईलच. झां-पिएर यांचे धाकटे चिरंजीव क्रिस्तियां यांनी १९७० पासून अनेक दशके बागेची सूत्रे सांभाळली, तर मालकी थोरले चिरंजीव झां-फ्रांस्वा यांच्या शाखेकडे आहे. २०१८ मध्ये कोलंबियन-अमेरिकन उद्योजक आलेहांद्रो सांतो दोमिंगो यांनी सुमारे २० टक्के हिस्सा घेतल्याचे प्रसिद्ध झाले, परंतु नियंत्रण मुएक्स कुटुंबाकडेच राहिले.

प्रत्यक्ष जागा पाहणाऱ्यांची अनेकदा निराशा होते. येथे राजवाडा नाही. साधे, निळसर-हिरव्या खिडक्यांचे घर, त्याला जोडलेले तळघर आणि भोवती वेली, एवढेच आहे. ‘शातो’ हा शब्दही वाइनच्या नावात नाही, आणि लेबलावर संत पीटरचे चित्र आहे. मेदॉकचे महाल पाहून आलेल्या माणसाला पोमरोल म्हणजे शेतकऱ्यांचे गाव वाटते आणि ते मूलतः तसेच आहे.

तळघर

गारोनकाठ यांनी मालकांविषयी लिहिले, मी वेलीविषयी आणि वाइन तयार करण्याविषयी लिहितो. मी नाशिक जिल्ह्यात वाइननिर्मितीत काम करतो आणि मेर्लो हाताळलेला आहे.

मेर्लो हा मुळात याच परिसरातील वाण. लिबूर्नच्या आसपास त्याची लेखी नोंद १७८४ मध्ये सापडते. जनुकीय तपासणीतून त्याचे पालक कळले आहेत: एक कॅबर्ने फ्राँ आणि दुसरा मादलेन नुआर द शारांत नावाचा, जवळजवळ विस्मृतीत गेलेला वाण. आज बोर्दोत लाल वाणांमध्ये सर्वाधिक लागवड त्याचीच आहे. तो लवकर फुटतो, म्हणून वसंतातील दवगोठीला बळी पडतो, आणि फुलोऱ्याच्या वेळी थंड पाऊस आला तर त्याची फळगळ मोठी होते. १९८४ मध्ये असेच झाले आणि बोर्दोभर मेर्लोचे पीक कोसळले. त्यामुळे कादवाकाठ यांची शंका रास्त आहे: एकाच वाणावर राहणे ही जोखीमच आहे. पेत्रूसमध्ये पूर्वी कॅबर्ने फ्राँच्या थोड्या वेली होत्या, सुमारे ५ टक्के, पण त्या चिकणमातीत तो क्वचितच मनासारखा पिके आणि बहुतेक वर्षी अंतिम मिश्रणात घेतला जात नसे. आता इस्टेट केवळ मेर्लोची आहे. जोखीम स्वीकारण्यामागचा विचार मला असा दिसतो, की विमा म्हणून लावलेला वाण जर त्या जमिनीत पिकतच नसेल, तर तो विमा खोटा आहे. खरा विमा तेथे वेगळ्या गोष्टीत आहे: निकृष्ट वर्षी वाइन न विकणे. १९९१ मध्ये एप्रिलच्या दवगोठीने बोर्दोचे पीक उद्ध्वस्त केले, आणि त्या वर्षीची पेत्रूस बाजारात आलीच नाही. दुसऱ्या दर्जाची वाइन काढून तिच्यात उरलेला माल घालण्याची सोय बहुतेक मोठ्या इस्टेटींकडे असते. पेत्रूस तशी दुसरी वाइन काढत नाही.

फेब्रुवारी १९५६ चा प्रसंग प्रत्येक द्राक्षशेतकऱ्याने माहीत करून घ्यावा असा आहे. जानेवारी उबदार गेल्याने वेलींमध्ये रस चढू लागला होता आणि त्याच वेळी तापमान उणे १५ अंशांच्याही खाली गेले. पोमरोल आणि सेंत-एमिल्योंमधील असंख्य वेली खोडापर्यंत मेल्या. बहुतेकांनी बागा उपटून नव्याने लावल्या. मादाम लूबा यांनी तसे केले नाही. ज्या वेलींच्या खालच्या भागात जीव होता, त्या त्यांनी खाली छाटून घेतल्या आणि जुन्या मुळांवर नवे फुटवे वाढवले. हा मार्ग कष्टाचा आणि अनिश्चित होता, कित्येक हंगाम पीक नगण्य आले, आणि पोमरोलमध्ये इतरांना तो व्यवहार्य वाटत नव्हता. पण त्यामुळे मातीशी जुळलेली जुनी मुळे वाचली, आणि १९६० च्या दशकात शेजारच्या बागांमध्ये कोवळ्या वेली असताना पेत्रूसकडे प्रौढ मुळांवरचे फळ होते. १९६१ ची पेत्रूस आजही त्या काळातील श्रेष्ठ वाइनमध्ये गणली जाते.

घडांच्या विरळणीची गोष्टही सांगण्यासारखी आहे. खाण्याच्या द्राक्षात आपण मणी आणि घड विरळ करतो, ते आकारासाठी. क्रिस्तियां मुएक्स यांनी १९७० च्या दशकात पेत्रूसमध्ये उन्हाळ्यात हिरवे घड कापून जमिनीवर टाकण्यास सुरुवात केली, ती उरलेले घड नीट पिकावेत म्हणून. तेथे हा प्रकार तेव्हा रूढ नव्हता आणि हाती आलेले पीक फेकणे लोकांना अनाचार वाटे. आज जगभर दर्जेदार बागांमध्ये हे सर्रास केले जाते.

तोडणीविषयीची शिस्त मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बाग लहान आणि मुएक्स कुटुंबाच्या इतर बागांमधील माणसे हाताशी, त्यामुळे पेत्रूसची तोडणी मोठी टोळी लावून काही थोड्या दुपारींत संपवली जाई. दुपारीच, कारण सकाळचे दव सुकल्याशिवाय घडाला हात लावायचा नाही. तोडणीची नेमकी वेळ साधण्याची क्षमता ही मेर्लोच्या बाबतीत निम्मी वाइननिर्मिती आहे. पिकण्याचा त्याचा योग्य काळ अगदी अरुंद असतो. चार दिवस आधी तोडला तर तो कोवळा, चार दिवस उशीर झाला तर जॅमसारखा. शंभर हेक्टरांच्या इस्टेटीला सगळे घड त्या चार दिवसांत आणता येत नाहीत.

तळघरातील काम त्या मानाने साधे आहे. किण्वन सिमेंटच्या टाक्यांमध्ये होते आणि पुढे वाइन ओक लाकडाच्या पिंपांमध्ये मुरते, ज्यांपैकी सगळी पिंपे नवी नसतात. १९६४ पासून २००७ पर्यंत झां-क्लोद बेरुए यांनी येथे वाइन केली आणि त्यानंतर त्यांचे चिरंजीव ओलिव्हिए ती करतात. एकाच कुटुंबाने साठ वर्षे एकाच जमिनीचे फळ हाताळणे, हे कोणत्याही यंत्रसामग्रीपेक्षा मोलाचे आहे. बेरुए यांनी अतिपक्वता आणि लाकडाचा भडक वास या दोन्हींपासून वाइनला दूर ठेवले. त्याच पोमरोलमध्ये वाढलेले मिशेल रोलां यांचा कल मात्र उशिरा तोडणीकडे आणि भरदार शैलीकडे होता. रोलां यांचे नाव येथे मुद्दाम घेतो, कारण १९९० च्या दशकात कर्नाटकातील ग्रोव्हर कंपनीने त्यांचा सल्ला घेतला होता आणि ती कंपनी पुढे नाशिकच्या झंपा या वाइन कंपनीशी जोडली गेली. पोमरोलच्या विचारांचा आपल्याकडे आलेला हा एक प्रत्यक्ष धागा आहे. मला स्वतःला बेरुए यांची रीत अधिक पटते. आपल्या उष्ण हंगामात तर संयमाचीच गरज अधिक आहे.

पिंपळगावकर

चर्चा उत्तम चालली आहे. ज्यांना ही वाइन पाहण्याची वा विकत घेण्याची संधी येईल, त्यांच्यासाठी दोन गोष्टी नोंदवतो. पोमरोलमध्ये ‘ला फ्लर-पेत्रूस’ नावाची स्वतंत्र इस्टेट आहे. ती चांगली आहे, पण ती पेत्रूस नाही आणि तिची दुसरी वाइनही नाही. नावातील साम्यामुळे लोक गोंधळतात. दुसरी गोष्ट बनावट बाटल्यांची. पेत्रूसचे उत्पादन वर्षाला साधारण ३०,००० बाटल्यांच्या आसपास असते आणि दर प्रचंड असतो, त्यामुळे जुन्या वर्षांच्या नकली बाटल्या फार निघाल्या. १९२१ सालच्या पेत्रूसची म्हणून विकली गेलेली एक मोठी बाटली न्यूयॉर्कमधील न्यायालयात बनावट ठरली. खरेदी कोणाकडून होते आणि बाटली आजवर कोठे होती, हे कळल्याशिवाय अशा व्यवहारात पडू नये.

आणखी एक माहिती. नोव्हेंबर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात १२ बाटल्या वाइन संशोधनासाठी पाठवली गेली होती, ती २००० सालची पेत्रूस होती. बाटल्या जानेवारी २०२१ मध्ये परत आल्या, आणि बोर्दोतील संस्थेत त्यांची जमिनीवर राहिलेल्या बाटल्यांशी तुलना करण्यात आली. त्याच मोहिमेत मेर्लो आणि कॅबर्ने सोव्हिन्योंच्या ३२० काड्याही मार्च २०२० मध्ये पाठवल्या होत्या. बाटल्यांची बातमी गाजली, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने काड्यांचा प्रयोग अधिक महत्त्वाचा आहे, कारण कठीण परिस्थितीत वेल कशी बदलते हे त्यातून तपासायचे होते.

कादवाकाठ

सर्वांचे आभार. १९५६ मध्ये जुनी मुळे वाचवण्याचा निर्णय वाचून मी बराच वेळ थांबलो. गारपिटीनंतर बाग काढायची की ठेवायची, हा प्रश्न आमच्यापुढेही येतो.

एक शेवटची शंका. मेर्लो लवकर पिकणारा, आणि युरोपात उन्हाळे तापत चालले आहेत. मग पेत्रूसचे पुढे काय? तेथे ठिबक बसवता येते का? आणि ही वाइन आवाक्याबाहेर असली, तरी चिकणमातीवरचा मेर्लो कसा लागतो हे समजून घ्यायचे असेल, तर काय घ्यावे?

गारोनकाठ

फ्रान्समध्ये मूळस्थान-नामांकनाच्या, म्हणजे ‘पोमरोल’सारखे भागाचे अधिकृत नाव लावणाऱ्या, बागांना पाणी देण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि सूट केवळ अपवादात्मक परिस्थितीत मिळते. येथील विचार असा, की पाणी हातात आले की जमिनीचे वेगळेपण पुसले जाईल. आता या नियमालाच ताण बसू लागला आहे. पेत्रूसच्या अगदी शेजारची लाफ्लर ही इस्टेट पोमरोलमधील सर्वांत आदरणीय नावांपैकी एक आहे. तिने २०२५ च्या हंगामापासून पोमरोल हे नामांकन सोडून आपली वाइन केवळ ‘फ्रान्सची वाइन’ म्हणून विकण्याचा निर्णय जाहीर केला, कारण बदलत्या हवामानात वेली जगवण्यासाठी जे उपाय त्यांना करायचे आहेत, ते नामांकनाच्या नियमांत बसत नाहीत. लिबूर्नमध्ये या निर्णयाने मोठी खळबळ माजली. मला तो धैर्याचा वाटतो, आणि वेदनादायकही.

लाफ्लरची बरीचशी जमीन खडी आणि वाळूमिश्रित आहे, तर पेत्रूसची चिकणमाती, त्यामुळे दोघांपुढचा प्रश्न सारखा नाही. २००३ च्या भीषण उन्हाळ्यात पोमरोलच्या हलक्या जमिनींवरील मेर्लो होरपळला आणि चिकणमातीवरचा तुलनेने सावरला, हे येथे सर्वांनी पाहिले आहे. लवकर पिकणाऱ्या वाणाची साखर चढण्याची अडचण मात्र माती पूर्णपणे थोपवू शकत नाही. अनेक इस्टेटी आता कॅबर्ने फ्राँचे प्रमाण वाढवत आहेत. पेत्रूसला हा मार्ग मोकळा नाही, कारण तिची जमीन त्या वाणाला फारशी मानवत नाही, हे वर आलेच आहे. तेथे उपाय तोडणीच्या तारखेत, पानांची सावली राखण्यात आणि वेलींच्या निवडीत शोधावे लागतील.

चवीसाठी पेत्रूसच्या मागे लागण्याची गरज नाही. बार्बान हा छोटा ओढा ओलांडला की लालांद-द-पोमरोल लागते आणि लिबूर्नच्या पश्चिमेला फ्रोंसाक आहे. दोन्हीकडे प्रामुख्याने मेर्लो आहे आणि फ्रोंसाकमध्ये चिकणमाती व चुनखडीच्या टेकड्या आहेत. दर पोमरोलच्या तुलनेत फारच कमी असतात. घेताना फार उष्ण वर्ष टाळावे, निदान सहा-सात वर्षे जुनी बाटली निवडावी, आणि ती आपल्या खोलीच्या तापमानावर न ठेवता १७ अंशांच्या आसपास थंड करून तासभर आधी उघडावी. सोबत मेदॉकची, त्याच वर्षाची, कॅबर्ने सोव्हिन्यों मुख्य असलेली एक साधी बाटली उघडली तर फरक लगेच कळेल: मेदॉकच्या वाइनचा तुरटपणा हिरड्यांवर धरून बसतो, तर चिकणमातीवरच्या मेर्लोचा तुरटपणा तितकाच असूनही तो जिभेच्या मध्यावर, गोलसर आणि मऊ लागतो. नाशिककडील एखादा मेर्लो मिळाला तर तोही शेजारी ठेवावा आणि काय आढळले ते येथे जरूर लिहावे.